रिकामं तोंड

मी लोकांना पंचशील द्यायचो, तेव्हा माझ्या गालात खर्रा नसायचा. तो विहाराच्या मागच्या खिडकीत, पन्नीत गुंडाळून ठेवलेला असायचा.

आमच्या कामरगावच्या भागात बौद्ध घरांमधली लग्नं, नामकरण, मयतीनंतरचं पुण्यानुमोदन गावातलाच कुणी शिकलेला माणूस लावतो. त्याला बौद्धाचार्य म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आवाज बरा, पाठांतर पक्कं, म्हणून बावीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं. पांढरे कपडे घालून मी पुढे उभा राहायचो, एकेक शील म्हणायचो आणि लोक हात जोडून माझ्यामागून म्हणायचे. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना मी मुद्दाम आवाज चढवायचो, कारण मांडवात कोण पिऊन आलंय हे मला ठाऊक असायचं. कार्यक्रम आटोपला की चपला घालायच्या आधी मागच्या खिडकीशी जायचो.

एकदा एका म्हातारीनं सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, खर्रा चालते काय मंग पाचव्या शीलात?"

मी म्हणालो, "ते दारूबद्दल आहे, आजी. खर्रा म्हणजे सुपारी."

मांडव हसला. पुढे कितीतरी जण माझं ते उत्तर एकमेकांना सांगायचे. माझा धाकटा भाऊ विलास कामरगाव ते कारंजा जीप चालवतो. तो सवाऱ्यांना सांगायचा, "आमच्या दादानं पास करून देल्ला आहे."

हे लिहायला बसलो ते विलासमुळे. माझा आजार डॉक्टरांनी कापून काढला. त्याच्या गालात काय आहे, ते तो कुणालाच पाहू देत नव्हता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीची कात्रण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातानं घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. ही एकट्यानं खायची वस्तू नाही. पन्नी उघडली की समोरच्यापुढे हात न्यायचा, त्यानं चिमूट घ्यायची. नाही म्हटलं तर "काहून, नाराज आहे काय?" असं विचारतात. मयतीच्या घरी, शाळेच्या सभेत, सोयरीक जुळवताना, सगळीकडे.

विलासला पहिली चिमूट मी दिली. वडील गेले त्या वर्षी तो सतरा वर्षांचा होता आणि मला नुकतीच नोकरी लागली होती. हरभरा सोंगायचे दिवस होते. त्याची दाढ ठणकत होती. कारंज्याला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं तर मला सुट्टी काढावी लागली असती. मी पन्नी उघडली, चिमूटभर खर्रा त्याच्या दाढेखाली दाबला आणि म्हणालो, "धर. सुन्न होते." खरंच सुन्न झाली. संध्याकाळपर्यंत त्यानं दोनदा मागितला.

आज तो बेचाळीस वर्षांचा आहे.

आठ महिने

माझ्या डाव्या गालात आतून फोड आला तेव्हा मी तो जिभेनं चाचपून बघायचो आणि उद्या बसेल म्हणायचो. साजूक तूप लावलं. हळद लावली. मेडिकलवाल्याकडून मलम आणलं, त्याला सांगितलं की पाहुण्यासाठी पाहिजे. फोड बसला नाही. मग ठेचा झोंबायला लागला, मग साधं वरणही. मी भाकर दुधात कुस्करून खायला लागलो. माझी बायको माया म्हणाली, "तुमी तं दूध-भाकरीले नाव ठेवत होते." मी म्हणालो, ॲसिडिटी झाली.

आठ महिने मी हे लपवलं. मरणाला भ्यालो म्हणून लपवलं असतं तर ते मला आज लिहायला सोपं गेलं असतं. मी लोकांच्या हसण्याला भ्यालो. बौद्धाचार्याच्या तोंडाला खर्र्यानं रोग झाला, हे वाक्य गावात कसं फिरेल, कोण कोणाला कोणत्या पारावर सांगेल, हे मला आधीच ऐकू येत होतं. म्हणून मी फोडावर खर्रा खात राहिलो. दुसऱ्या गालात धरायचो आणि स्वतःला सांगायचो की काळजी घेतोय.

मंगरूळपीरजवळच्या एका गावात लग्न लावताना माझं तोंड उघडेना. शब्द आतल्या आत दाबले जात होते. नवरी मुलगी डोळे वर करून माझ्याकडे बघायला लागली. घरी आल्यावर मायानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "उद्या कारंज्याले जाचं. मी येतो संगं."

तीन बोटं

कारंज्याच्या दाताच्या डॉक्टरनं मला आधी काही विचारलं नाही. म्हणाले, "तुमची तीन बोटं जोडा आणि उभी तोंडात घाला." माझं एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं. डॉक्टर हातमोजे घालता घालता मायाकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बसा." त्यांनी गालाचा एक कण काढून तपासायला पाठवला आणि पुढे नागपूरला जायला सांगितलं.

नागपूरला विलासनं जीपनं नेलं. जीपच्या लाइनीतला त्याचा नंबर त्यानं त्या दिवशी दुसऱ्याला दिला. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

"सवय काय आहे?"

"कधीमधी," मी म्हणालो.

माया म्हणाली, "उठल्यापासून झोपेपर्यंत."

मॅडमनी मान न उचलता लिहिलं. मग गाल, जबड्याचा एक तुकडा आणि मानेतल्या गाठी कापून काढाव्या लागतील असं सांगितलं. छातीवरचं मांस काढून गालात लावू म्हणाल्या. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच आणि साध्या आवाजात उच्चारला. खोलीत पंखा चालू होता, त्याचं एक पातं वाकलेलं होतं. बाकी मला काही आठवत नाही.

यानंतर मी जे केलं ते मी लेकीलाही सांगितलेलं नाही. माया कागदांवर शिक्के घ्यायला खिडकीसमोर उभी होती. मी पार्किंगमध्ये गेलो. विलास जीपला टेकून उभा होता. मी त्याला सांगितलं. तो खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग उठला आणि त्याच्या हातानं, सवयीनं, पन्नी उघडून माझ्यापुढे धरली. मी चिमूट घेतली. त्यानं घेतली. रिपोर्ट माझ्या खिशात होता आणि आम्ही दोघं भाऊ जीपला टेकून खर्रा खात होतो.

माया आली. तिनं आम्हाला पाहिलं. माझ्या शर्टाच्या खिशात हात घालून माझी पन्नी काढली. मला वाटलं फेकेल. तिनं ती विलासच्या हातात दिली.

"घ्या भाऊजी. यायच्या वाट्याचा बी आता तुमीच खा."



हमीद टेलर

ऑपरेशननंतर नाकातून नळी, गळ्याला भोक, मान टाके घालून शिवलेली. डावा गाल माझा नव्हता. छातीचं मांस तिथं येऊन बसलं होतं आणि त्याला काही कळत नव्हतं. पहिले काही दिवस मी आरसा मागितला नाही. नंतर खिडकीच्या काचेत चुकून दिसलो तेव्हा मागे कोण उभं आहे म्हणून वळून पाहिलं.

वॉर्डाला ठरलेली चाल होती. सकाळी पट्ट्या बदलणं, मग डॉक्टरांची फेरी, मग नळीतून दूध, दुपारी डाळीचं पाणी, चारला पुन्हा दूध. लेकीची परीक्षा होती म्हणून माया घरी परतली आणि माझ्यापाशी विलास राहिला. सिरिंज उंच धरून तो डाळीचं पाणी हळूहळू सोडायचा. "गरम लागून राह्यलं काय?" विचारायचा. मी हातानं नाही म्हणायचो. पोटात ऊब पोचायची, तोंडाला पत्ताच नसायचा. वॉर्डात तंबाखूला बंदी, म्हणून तो खाली जाऊन खाऊन यायचा. सिरिंज धरलेल्या त्याच्या बोटांना चुन्याचा आणि तंबाखूचा वास यायचा. ते हात माझ्या नाकाशी असायचे. खरं सांगतो, एवढं कापून झाल्यावरही त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते पाणी गिळता न आल्यानं उशीवर गळायचं.

मला बोलता येत नव्हतं, मी वहीत लिहायचो. पहिल्याच दिवशी लिहिलं: तुझं तोंड दाखव इथंच.

त्यानं वाचलं. "पहिले तुह्यं निपटू दे."

दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. तो म्हणाला, "माह्या तोंडाले काय झालं? चांगला भजे खातो."

फेरीवर आलेल्या मॅडमनी एकदा त्याला सरळ विचारलं, "तुम्ही खाता का?"

"नाई मॅडम."

"दात सांगताहेत. तपासणी खालीच आहे, दहा मिनिटं लागतील."

"येतो ना," म्हणाला, आणि दुपारपर्यंत दिसला नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर मंगरूळपीरचे हमीद टेलर होते. घशात गाठ, त्यांनाही नळी. आवाज घोगरा झालेला, पण बंद पडला नव्हता आणि ते तो वाया घालवत नव्हते. दुपारी नातेवाईक बाहेरच्या व्हरांड्यात डबे उघडायचे तेव्हा हमीदभाई नाक वर करून म्हणायचे, "गुरुजी, शर्त लगाव. मेथी है."

मी वहीत लिहायचो: चवळी.

विलास बाहेर जाऊन बघून यायचा. बहुतेक वेळा हमीदभाई जिंकायचे. आठवडाभरानं समजलं की त्यांची बायको डबे उघडताना दारातून त्यांना खूण करते. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: बेइमान! ते इतके हसले की नर्स धावत आली.

त्या खेळात मला एक गोष्ट कळली. फोडणीत लसूण आधी पडला की जिरे आधी, हे वासावरून सांगता येतं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या ताज्या आहेत की कालच्या, हेही. ओली कणीक आणि भाजलेली पोळी यांच्यामध्ये एक तिसरा वास असतो, पोळी तव्यावर पहिल्यांदा उलटते तेव्हाचा. हे सगळं माझ्या घरात रोज दोनदा होत होतं. मी तिथं होतोही. पण माझं तोंड कधी रिकामं नव्हतं. चहा झाला की खर्रा, जेवण झालं की खर्रा, बसची वाट बघताना खर्रा, लेक पहिलं पाऊल टाकत होती तेव्हाही मी थुंकायला अंगणात गेलो होतो. दोन गोष्टींच्या मधला जो थोडा वेळ असतो, ज्यात माणूस नुसता बसतो आणि समोरचं त्याला दिसतं, तो सगळा मी चघळून टाकला होता. मी जेवायचो तेसुद्धा लवकर आटपावं म्हणून, पुढची चिमूट घेता यावी म्हणून.

सुख म्हणजे घर बांधून होईल, लेकीला नोकरी लागेल, मग येणारी काहीतरी गोष्ट, असं मी धरून चाललो होतो. वॉर्डात मला कोरडी उशी मिळाली तरी पुरत होतं. एका सकाळी मी स्वतःची थुंकी गिळली, न ठसकता. मी विलासच्या मनगटाला धरून त्याला गळ्याकडे बोट दाखवलं. त्याला काही समजलं नाही. हमीदभाईंना समजलं. "अरे, निगल गया! गुरुजी पास!"

त्यांचं ऑपरेशन होणार नाही असं डॉक्टरांनी ठरवलं. घरी जाताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते माझ्यापाशी थांबले. "आता एकटेच खेळा, गुरुजी. रोज जीतोगे." दोन महिन्यांनी त्यांच्या बायकोचा मायाला फोन आला, ते गेले म्हणून. मी घरातच होतो. माया फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली, आणि दुपारी व्हरांड्यात डबे उघडले की वर होणारं हमीदभाईंचं नाक आठवत मी भिंतीकडे बघत बसलो.

खारट

रेडिएशनचे शेक घेताना सगळ्यात वाईट काळ आला. तोंड आतून सोललं गेलं. पाणी गंजलेल्या खिळ्यासारखं लागायचं. मी मायावर ओरडायचो, आणि माझं ओरडणं तिला समजायचं नाही म्हणून आणखी ओरडायचो. एकदा मी वाटी भिरकावली. ती तिच्या पायाला लागली. तिनं वाटी उचलली, फरशी पुसली आणि म्हणाली, "आपटा. पण घास तं घ्याच लागते." तिचे पाय सुजले होते हे मला त्या दिवशी, ती वाकून फरशी पुसत होती तेव्हा, दिसलं. कधीपासून सुजले होते, मी विचारलं नव्हतं.

नळी निघाली. पातळ वरण, मऊ भात. चव नाहीच. डॉक्टर म्हणायचे, येईल, काहींना उशिरा येते. मी वाट पाहणं सोडलं होतं.

एका दुपारी माया, विलास आणि मी जेवायला बसलो होतो. मी वरणाचा चमचा उजव्या बाजूनं आत घातला आणि थांबलो. पुन्हा एक घेतला.

"खारट झालं," मी म्हणालो.

माया दचकली. "काय?"

"मीठ. जास्त."

तिनं वरणात बोट बुडवून चाटलं. खरंच जास्त होतं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि मग ते हसणं राहिलं नाही. "इतक्या वर्षांत पयल्यांदा नाव ठेवलं माह्या सैपाकाले," ती म्हणाली. मी ती सगळी वाटी खाल्ली. तेवढं खारट वरण मी आयुष्यात खाल्लं नसेल, आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

चव आली हे सांगावं म्हणून मी विलासकडे बघून हसलो. तो खाली मान घालून जेवत होता. ताटात ठेचा तसाच होता. भाजी बाजूला सारलेली. तो भाकर दुधात कुस्करत होता.

मी चमचा ठेवला. त्यानं वर पाहिलं आणि त्याला कळलं की मला कळलं.

"ॲसिडिटी आहे," तो म्हणाला.

मायाचा हात थांबला.

मी जेवढं बोलता येत होतं तेवढं बोललो: खर्रा सोड, तोंड दाखवून ये. माझे शब्द डाव्या कोपऱ्यातून सांडतात. प, भ, म तर वाऱ्यावर जातात. जयभीम म्हणायलाही मला दोनदा प्रयत्न करावा लागतो. तो ऐकत होता, मग एकदम उठला.

"तू कायले सांगतं मले? तूच लावला. दाढ दुखत होती माही, डाक्टरकडे न्याचं सोडून तूच भरला तोंडात! आता तुह्यं कापलं तं सगळ्याईचं कापू म्हनतं काय?"

"हाव," मी म्हणालो. "मीच लावला."

तो आणखी काहीतरी ऐकायच्या तयारीत होता. मी एवढंच म्हटलं, कारण एवढंच खरं होतं. तो हात न धुता गेला आणि पुढे नऊ दिवस आमच्या दारात आला नाही.

सवारी

दहाव्या दिवशी मी स्टँडवर गेलो आणि त्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो. तेव्हा माझ्या गालाची सूज पूर्ण उतरली नव्हती. लाळ पुसायला हातात रुमाल लागायचा. विलासनं पाहिलं.

"कोठी जाचं?"

"कारंज्याले."

"कायले?"

"असंच."

कारंज्याला पोचल्यावर मी उतरलो नाही. परतीच्या फेरीलाही तिथंच बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग विलासच्या फुगलेल्या गालाकडे. मागच्या सीटवर पन्नी उघडल्याचा आवाज बंद झाला होता. एका बाईनं विचारलंच, "काय झालं जी यायले?" विलास गिअर टाकत म्हणाला, "खर्रा." त्यानं ते का सांगितलं, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी तो चिडला. "दादा, उतर. सवाऱ्या भेऊन राह्यल्या."

"मी बी सवारी आहे."

"तुले काम नाई काय दुसरं?"

"नाई."

मागून एक म्हातारा म्हणाला, "राहू दे ना बापा. तुह्या गाडीतच बसला, डोक्यावर तं नाई बसला." सगळे हसले. विलासही हसला, आणि हसताना त्याचं तोंड अर्धंच उघडलं. ते त्यानं आरशात पाहिलं. मी त्याला पाहताना पाहिलं.

चौथ्या दिवशी कारंज्याला सगळ्या सवाऱ्या उतरल्यावर त्यानं जीप लाइनीत लावली नाही. बाजारातून वळवली आणि दाताच्या डॉक्टरच्या पायऱ्यांसमोर उभी केली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"तुले आत याचं नाई," तो म्हणाला. "तुह्यं तोंड पायलं की माही हिंमत जाते."

मी जीपमध्येच बसलो. वीस मिनिटं असतील. त्या वीस मिनिटांत मला जे वाटलं ते माझ्या स्वतःच्या निदानाच्या दिवशी वाटलं नव्हतं. तो बाहेर आला, शेजारी बसला आणि मला बोटं दाखवली. दीड.

तुकडा तपासायला गेला. उत्तर यायला बारा दिवस लागले. कॅन्सर नव्हता. डॉक्टरनं आम्हा दोघांना बोलावून मला सांगितलं, "गाल आतून चामड्यासारखा कडक झालाय. तो मऊ होणार नाही. आज सोडलं तर कदाचित इथंच थांबेल. नाही सोडलं तर पुढे काय, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही." विलासनं विचारलं, "कदाचित म्हंजे?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कदाचित."

सध्या

मी दर तीन महिन्यांनी नागपूरला जातो. प्रत्येक वेळी आदल्या आठवड्यात मला जेवण जात नाही. विहारात आता एक तरुण शिक्षक शीलं देतो, मी मागच्या ओळीत बसून त्याच्यामागून म्हणतो. पहिल्यांदा मागे बसलो त्या दिवशी, सुरुवात व्हायच्या आधी, उभं राहून खिडकीची गोष्ट सांगितली. माझे शब्द अर्ध्यांना कळले नसतील. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

ज्यांनी हे इथवर वाचलं आणि ज्यांच्या गालात आत्ता काही आहे, त्यांनी थुंकून, चूळ भरून, तीन बोटं उभी तोंडात घालून बघावीत. जात नसतील तर आजच कुणाला तरी सांगावं. बायकोला सांगावं. ती ओरडेल. ओरडू द्यावं.

विलासनं सोडलं. सोडलं म्हणजे रोज सकाळी पुन्हा सोडतो. पहिल्या फेरीच्या आधी त्याला सगळ्यात जास्त तलफ येते, म्हणून तेव्हा तो माझ्या ओट्यावर येऊन बसतो. त्याचे हात मांडीवर आपोआप घोटायला लागतात, मग तो ते मांडीखाली घालून ठेवतो. तलफ येते, वर चढते आणि उतरते. तेवढा वेळ आम्ही काहीच करत नाही. समोर एक बाई हौदावर भांडी घासते. कोंबडी पिलं घेऊन रस्ता ओलांडते, एक पिलू नेहमी मागे राहतं. दूधवाल्याची घंटी वाजते. माया चहा आणते, माझा गार करून. विलास म्हणतो, "हे सगळं रोज होते काय इथं?" मी म्हणतो, रोज. त्याचा चेहरा कधी ओढलेला असतो, कधी घामेजलेला. आणि मधूनच, दोन-चार मिनिटं, तो नुसता बसलेला असतो. त्या दोन-चार मिनिटांपेक्षा मोठं सुख मी आता कुणाकडे मागत नाही. ती टिकत नाहीत, हेही मला माहीत आहे.

मागच्या मंगळवारी तो आला पण बसला नाही. ओट्याच्या खाली उभा राहिला.

"काल घेतला," तो म्हणाला. "एका सवारीनं हात पुढं केला. दोन वेळा घेतला. सांगून राह्यलो."

मला राग आला. भीती त्याहून जास्त. पण तो माझ्या दारात उभा राहून, कुणी न विचारता, दुसऱ्याच दिवशी सांगत होता. त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला त्याचं नाव ठाऊक नाही. सुख म्हणायला जीभ धजत नाही.

"बस," मी म्हणालो. "इकडं. उजेडाकडं तोंड कर."

तो ओट्यावर बसला. उन्हाकडे वळला. डोळे मिटले आणि जितकं उघडत होतं तितकं तोंड उघडलं. मी वाकून आत पाहू लागलो.